सव्वीस बाय दीड

पार्टे सर दुकानाच्या ओट्याला सायकल टेकवून उभे राहिले तेव्हा सुहास खाली बसून कुणाच्या तरी सायकलीची चेन चढवत होता. त्याने वर पाहिलं नव्हतं. "अरे, जरा इकडे बघ," एवढंच सर म्हणाले आणि सुहासच्या हातातली चेन हातातच राहिली. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली होती. माणसाचे केस पिकतात, मिशी पिकते, आवाज काही पिकत नाही.

सरांनी त्याला ओळखलं नाही. सुहासला आधी त्याचं बरं वाटलं आणि मग फार लागलं.

नववीत असताना सुहासने सरांची एक चूक दाखवली होती. सर तेव्हा नुकतेच शाळेत लागले होते, गणित शिकवायचे. फळ्यावरच्या एका उदाहरणाचं उत्तर चुकलं, सुहासने हात वर करून तसं सांगितलं. सरांनी फळा पुसला आणि त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं. एक दिवस नव्हे, सोळा दिवस. रोज तास संपला की सर बाहेर येऊन विचारायचे, "कोणाचं चुकलं?" सुहासने म्हणायचं, "माझं चुकलं, सर." सतराव्या दिवशी बापाला बोलावणं गेलं. बाप एमआयडीसीतून रात्रपाळी करून तसाच आला, कपड्यांना केमिकलचा वास. सर त्याला म्हणाले, पोरगा दीडशहाणा आहे, शाळेत वाया जाईल, त्यापेक्षा पंक्चर काढायला घाला. बापाने हात जोडले आणि पोराची मान धरून सरांच्या पायावर वाकवली. पुढे सुहास दहावीला बसला आणि नापास झाला, तेही गणितात. बापाने त्याला खरोखरच सायकलच्या दुकानात घातलं. सर म्हणाले ते काय खोटं म्हणाले, असं बाप मरेपर्यंत म्हणत राहिला.

सुहासने डूख धरला तो तेव्हापासून. तो हाणामारीतला माणूस नव्हे. सरांचं घरदार बुडावं, हातपाय मोडावेत, असलं काही त्याच्या मनात कधी आलं नाही. आलं असेल तर फार वेळ टिकलं नाही. त्याला दोन शब्द हवे होते. 'माझं चुकलं.' सरांच्या तोंडून आणि चार माणसांत. पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं, आईच्या नावाने 'तुळसा सायकल मार्ट' अशी पाटी लागली, लग्न झालं, पुरात दुकान बुडालं आणि पुन्हा उभं राहिलं. ते दोन शब्द ऐकायचे राहिले ते राहिलेच.

आणि आज माणूस आपल्या पायांनी आला होता.

सरांची हकीगत साधी होती. मुलगा पुण्याला असतो, त्याने नवी सायकल घेतली आणि जुनी माउंटन बाइक बापाकडे ठेवली. डॉक्टरांनी साखरेची भीती घातलेली. म्हणून दिवाळीपासून सर पोलादपूरहून महाडला शाळेत सायकलने येऊ लागले. येताना वाटेला उतार, काही वाटत नाही. जाताना गुडघे बोलतात. रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायचे आणि सोमवारी पुन्हा दुखवून घ्यायचे. शिवाय हायवेवर टायर असे घुमतात की मागून ट्रक आला समजून सर स्वतःच बाजूला होतात.

सुहासने टायरवरून अंगठा फिरवला. बोटभर रुंद दाते होते.

"हे चिखलाचे टायर हायत, सर. डोंगरात बरे. काँक्रीटवर एकेक दाता रस्ता धरून बसतो, तुमची निम्मी ताकद त्याच्यातच जाते. तुम्हाला गुळगुळीत लागतील."

बोलला आणि त्याला स्वतःचाच राग आला. धंद्याची सवय, तोंड आपोआप खरं बोलून गेलं.

सरांना ते ठाऊकच होतं. त्यांनी सगळं नेटवर वाचलं होतं. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी माप वाचलं, सव्वीस बाय दीड. मग भिंतीवर पुराच्या रेघेच्या वर टांगलेल्या टायरांकडे बोट केलं. त्या टायरांवर 26 x 1½ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. हेच ते, सर म्हणाले, दोन काढ.

आता सायकलच्या धंद्यात दीडही दोन प्रकारचे असतात. एक दशांशात लिहितात, 1.50, तो माउंटन बाइकचा. दुसरा अपूर्णांकात लिहितात, 1½, तो जुन्या साध्या सायकलींचा. तोंडाने म्हणताना दोन्ही दीडच. पण दुसऱ्याचा घेर मोठा असतो, माउंटन बाइकच्या रिमवर तो बसतच नाही. दुकानात नवा कारागीर आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवावं लागतं. सरांना हवा होता तो दीड आत खोक्यात पडला होता.

"सर, तो दीड वेगळा. तुमच्या रिमला..."

"दीड म्हणजे दीड," सर हसले. "दशांशात लिही नाहीतर अपूर्णांकात लिही, संख्या एकच. तीस वर्षं हेच शिकवतोय. तू काढ ते."

पुढचं वाक्य सुहासच्या ओठांवर आलेलं होतं. ते त्याने गिळलं. आकडीची काठी घेतली, दोन्ही टायर उतरवले आणि धूळ पुसून सरांच्या हातात दिले. बसवायचे तर आत्ता बसवून देऊ का, हेही त्याने विचारलं नाही. सरांनी व्हिडिओ पाहिला होता, ते घरचे घरी बसवणार होते. हार घालावा तसे टायर गळ्यात अडकवून ते निघून गेले.

दर्शना, त्याची बायको, आत स्पोकांचे गठ्ठे बांधत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो, ते त्या सायकलीला बसतील?"

"त्यांनी मागितले ते दिले."

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, व्हरांडा तिला पाठ होता. "हेच का ते सर?" तिने विचारलं. सुहासने मान डोलावली. "आणि तुम्ही गप्प बसलात."

"एकदा बोललो होतो," सुहास म्हणाला. "नववीत."

पुढचे चार दिवस त्याचे फार सुखात गेले. पंक्चर काढताना तो मध्येच थांबायचा आणि डोळ्यांपुढे चित्र आणायचा, सर घामाघूम झालेत, टायर बसत नाही, दीड म्हणजे दीड. जेवताना हसू यायचं. दर्शना म्हणाली, तुम्हाला ह्या वयात हे शोभत नाही. तो म्हणाला, शोभायला मी काय नवरदेव आहे?

पाचव्या दिवशी गोमाजी आला. गोमाजी शाळेतला शिपाई, रोज चहाला सुहासच्या ओट्यावर बसायचा. त्या दिवशी त्याला चहाही सुचत नव्हता. घरी जमलं नाही म्हणून सरांनी सायकल शाळेच्या शेडमध्ये आणली होती. मधल्या सुट्टीत अर्धा स्टाफ आणि नववीचा अख्खा वर्ग बघायला जमला.

"टायर रिमवर असा लोंबत होता रे, जशी बापाची चड्डी पोराला," गोमाजी म्हणाला. "सर म्हनतात, रिमच वाकडी हाय. आनी भरतायत हवा. टायर गेला एका अंगाला, ट्यूब आली बाहेर, नि असा बार झाला की हेडबाई ऑफिसातून धावत आल्या. पोरं हसून हसून लोळली."

आयुष्यात इतकं हसल्याचं सुहासला आठवत नव्हतं. डोळ्यांना पाणी आलं. ओट्यावर होते तेवढ्या सगळ्यांना त्याने चहा सांगितला. त्या चहाची चव गोमाजीच्या पुढच्या वाक्याने गेली.

"पन सर म्हनले, त्या पंक्चरवाल्यानं फसवलं मला. अडानी मानसाकडून घेतलं नि फसलो. वर्गात सांगितलं पोरांना, तिथं कुनी जाऊ नका."

सुहासचा कप खाली आला. म्हणजे सरांनी पुन्हा फळा पुसला होता. पुन्हा चुकलं ते ह्याचंच.

सर शनिवारी आले, शाळा सुटल्यावर. जुने दातेरी टायरच पुन्हा चढवलेले, नवे दोन गळ्यात. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, गोमाजी होता. सरांचा आवाज वर्गातला होता. चुकीचा माल का दिलास, ते म्हणाले.

 सुहासने माउंटन बाइकचं पुढचं चाक काढलं, दातेरी टायर उतरवला आणि ओट्यावर आडवा ठेवला. त्यावर नवा टायर ठेवला. नवा सगळीकडून बाहेर आला. मग त्याने फडक्याने दोन्ही टायरांची कड पुसली.

"बाजूला बारीक आकडा हाय, सर. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाचशे एकोणसाठ." मग दुसरा. "पाचशे चौऱ्याऐंशी."

"हा खरा आकडा. आतल्या कडेचं आरपार माप, मिलीमीटरमधी. वजा करा."

"पंचवीस," सर म्हणाले. आणि मग हळू, "जवळजवळ एक इंच."

 सरांनी दोन्ही टायर पुन्हा एकमेकांवर ठेवून पाहिले. गणिताचा माणूस, आकड्यांशी खोटं बोलणार नव्हता.

"तुला ठाऊक होतं हे?"

"होय."

"मग सांगितलं का नाहीस?"

तुम्ही सांगू दिलं नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते थोडं खरंही होतं. सुहास म्हणाला, "सांगायचं नव्हतं." मग त्याने आपलं नाव सांगितलं, नववी सांगितली, व्हरांडा, सोळा दिवस, बापाचे जोडलेले हात. आवाज चढू दिला नाही. सर ऐकत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना आठवत नव्हतं.

"व्हरांड्यात बरेच असायचे," ते म्हणाले. "उदाहरण कुठलं होतं?"

सुहासला ते पाठ होतं. एक माणूस सायकलने गावाला जातो, जाताना वेग ताशी बारा किलोमीटर, येताना चढ म्हणून ताशी सहा. सरासरी वेग किती?

"आठ," सर म्हणाले. कागद नाही, बोटं नाहीत. "जाताना एक तास लागला तर येताना दोन लागणार." आणि इथे ते थांबले. "मी काय सांगितलं होतं?"

"नऊ. बारा आणि सहाची सरासरी. मी आठ म्हनलो."

सर उघड्या रिमकडे बघत राहिले. सुहास वाट बघत होता. ओट्यावरची माणसं वाट बघत होती. दर्शना आतून दाराशी आली होती. दोनच शब्द.

"नवीन होतो मी तेव्हा," सर म्हणाले.

वाक्य तिथेच संपलं.

सुहास उठला आणि आतून खोकी घेऊन आला. दीड त्याने बाजूला ठेवला आणि पावणेदोनची जोडी काढली, 1.75, मधोमध गुळगुळीत, कडेला बारीक खाचा. हायवेच्या कडेला ट्रकांची खडी पडलेली असते, ऑइल असतं, दीड तिथे सटकला असता. ट्यूब पावडर लावून बसवल्या, कड चहूबाजूंनी चेपून पाहिली, हवा मोजून भरली. असं चोख काम त्याने त्या आठवड्यात दुसरं केलं नव्हतं. सरांनी चाक फिरवून पाहिलं. हवा किती दिवसांनी बघायची, त्यांनी विचारलं.

"दर आठ दिवसांनी. कमी पडली तर रिम मार खाईल."

"मग सोमवारी येतोच."

"इथं नको," सुहास म्हणाला. "पेट्रोल पंपावर भरा. इथं आलात तर मी विचारनार, कोनाचं चुकलं म्हनून. सोळा वेळा आलात तर सोळा वेळा विचारनार. उत्तर असलं तर या."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या माणसांकडे. सायकल रस्त्यावर उतरवून त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि ते गेले. 

दर्शना म्हणाली, मिळालं का मनासारखं? तो म्हणाला, नाय. मग पुढे काय करणार, तिने विचारलं. त्याने चेन हातात घेतली.

सर अजून दुकानावरूनच येतात-जातात, दुसरी वाट नाही. पण नवे टायर जुन्यांसारखे घुमत नाहीत. म्हणून साडेदहा वाजत आले की सुहासला हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघत बसावं लागतं.