दोन्ही उजवे

पावसानं उघाड दिली चार दिवसांची, आणि त्यातले दोन तानबानं पुतण्या नीलेशच्या दारात बैलजोडी मागत घालवले. इकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या तासात गवत वीतभर झालं होतं. आणखी एक झड आली की वर्षाचं पीक गवताखाली. आणि नीलेशची जोडी गोठ्यात निवांत रवंथ करत उभी.

"काकाजी, बैलं थकले माहे."

"कायनं थकले बे? उभे राहून?"

तानबाचा एक बैल आखाडीला साप डसून मेला. उरला सोन्या. एका बैलावर गवत काढायचा डवरा चालत नाही, आणि ट्रॅक्टर घातला तर पऱ्हाटीचाच चेंदा. गावात दुसरा एकटा बैल एकच, शकुंतलाबाई मडावीचा पवळ्या. नवरा गेल्यापासून बाई बोलायची ती त्या बैलाशीच. तानबाची बायको गेल्यावर तोही सोन्याशीच भांडायचा. पण सहा वर्षांपूर्वी पवळ्या तुरीत शिरला म्हणून तानबानं त्याला कोंडवाड्यात घातला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तिसऱ्या सकाळी बाईच पवळ्याला घेऊन वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी.

"माह्याबी वावरात गवत हाये. बोलाचं नसन तर नका बोलू. बैल जुंपा."

जुंपले, आणि भानगड कळली. दोन्ही बैल उजव्या अंगाचे. डावीकडे घातला की जो तो जू झुगारून द्यायचा.

"तुमचा डावीकडं घाला, बाई."

"काऊन? कोंडवाड्यात माहाच, डावीकडंबी माहाच?"

तानबाच्या मस्तकात तिडीक गेली. पण त्यानं सोन्याला डावीकडे ओढला, वेसण मुठीत आवळली आणि बैलाच्या ढुशा खात तासातून चालला. बाईनं डवरा दाबून धरला. तानबानं आधी बैलाला शिव्या दिल्या, मग पुतण्याला, मग आभाळाला.

दुपारी पुतण्या धुऱ्यावर येऊन हसला. "काकाजी, गोंडाच्या बैलासंगं जोडी?"

"जू बैलाले जात इचारत नाई, बे! अन् जातवाल्याची जोडी तं तुह्या गोठ्यात हाये. बस तिची पूजा करत!"

सांजेला सगळं वावर डवरून निघालं.

"उद्या माह्या वावरात," बाई म्हणाली. "उद्या पवळ्या डावा. वेसन मी धरीन."

"मारका हाये तो. फेकन तुमाले," तानबा खेकसला. "मीच धरतो."

बाईनं पवळ्याची पाठ थोपटली.

"जपून धरजा मंग. कोंडवाडा इसरला नाई तो."