स्पीकरचा नवा कागद

"भोंगा नाही पायजे दादा, भोंग्यातून गिटार बकरीवानी ओरडते," रविकांत म्हणाला, आणि देवीदासनं भोंग्याची वायर सोडली.

सकाळपासून हेच चाललेलं. अकोल्यातलं देवीदासचं लाउडस्पीकरचं दुकान आणि दोघं भाऊ घामाघूम. पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर लावला तर आवाज मोठा, पण गुळगुळीत. मग पंधरा वॅटचा जुना काढला, बटण पार शेवटपर्यंत पिळलं, आणि तारा अशा गुरगुरायला लागल्या की समोरचा पानवाला उठून बघायला आला. मग पेटी. प्लायवूडची खडखडायची म्हणून सागवानी घेतली, मागून उघडी ठेवली तर आवाज विखरायचा म्हणून फळी ठोकून बंद केली, आणि बारा इंची स्पीकरचा धक्का थेट छातीत बसला.

"आता कसं?"

"आता म्हैस उठली," रविकांत हसला. "संध्याकाळी मोरोपंत ऐकाले येऊन राहिले."

मोरोपंत म्हणजे अमरावतीच्या ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांना गिटारवाला हवा होता, एकच. आणि रविकांतला तर दुसरं काही नकोच होतं. रेडिओवरची इंग्रजी गाणी ऐकून ऐकून त्यानं तीन वर्षं बोटं सोलून घेतली होती.

संध्याकाळी देवीदास एका बारशाला स्पीकर लावायला गेला. परत येतो तर रविकांत दारातच उभा.

"त्याइले आवडलं दादा. रविवारी अमरावतीले बोलावलं. म्हणे, हाच आवाज घेऊन ये."

शनिवारी रविकांत कटिंगला गेला तेव्हा देवीदासनं पेटी पुसायला घेतली, मागची फळी काढली आणि आत वाकून बघितलं. स्पीकरचा कागद, ज्याच्या थरथरण्यानं आवाज निघतो तोच, चांगला चार बोटं फाटलेला. उंदीर, दुसरं काय. फाटका आवाज आला की लग्नातली माणसं कशी बोलतात ते त्यानं वीस वर्षं ऐकलं होतं. आणि आता हे अमरावतीत, चारचौघांत, याच्या नशिबी? पोराला सांगावं तर उगाच घाबरेल. त्यानं ठेवणीतला नवा कागद काढला, जीव लावून चिकटवला, उन्हात वाळवला आणि फळी बसवून टाकली.

रविवारी स्टेजवर रविकांतनं पहिली तार छेडली आणि थांबला. बटण शेवटपर्यंत फिरवलं. पुन्हा छेडली. आवाज जाड होता, गुरगुरत होता, पण फाटका नव्हता. त्यानं पेटी फिरवून फळी काढली. आत पाहिलं. मग बाजूला उभ्या देवीदासकडे पाहिलं. देवीदास आपला मान हलवून राहिला, वाजव, वाजव. रविकांतचा हात शर्टाच्या खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. त्यानं फळी बसवली आणि तिन्ही गाणी वाजवली.

मोरोपंत खाली येऊन देवीदासला म्हणाले, "हात चांगला आहे हो. पण असं साफ वाजवणारे माझ्याकडे चार आहेत. त्या दिवशी माझ्यासमोर त्यानं स्पीकरच्या कागदाला ब्लेड मारली होती, तो आवाज कुठे गेला?"

देवीदासला कळायलाच वेळ लागला. "साहेब, पाच मिनिटं द्या, मी आत्ता फाडतो."

"नागपूरच्या मुलाला शब्द दिला मी आत्ताच."

परतीच्या बसनं बडनेरा सोडलं.

"मले काहून नाही सांगितलं?" देवीदासनं शेवटी विचारलं.

"तुले वाईट वाटलं असतं. स्पीकरले तू पाय लागू देत नाहीस."

"अन् आज? ब्लेड तर खिशात होती ना तुह्या?"

"डिंक नवाच होता दादा. तुह्या बोटाचे ठसे होते त्याच्यावर."

पुढच्या आठवड्यात मूर्तिजापूरला लग्न होतं. रविकांत न सांगताच सोबत आला, बांबूवर चढला, दोरीनं भोंगा घट्ट आवळला आणि खाली उतरून माइक हातात घेतला.

"हॅलो, हॅलो. दादा, येते का बराबर?"

मांडवाच्या पार टोकाला उभ्या देवीदासनं हात वर केला, आणि बराच वेळ तो खाली घेतलाच नाही.