निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा

मी बाजारातून परत आलो तेव्हा मेव्हणा कपाटाचा रंग सोलत होता.

स्वयंपाकघरातलं आमचं जुनं कपाट. डाव्या दाराचा वरचा अर्धा भाग नागडा झाला होता. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पोपड्यांचा ढीग. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. धंद्याने सुतार. हातात पटाशी, कानावर पेन्सिल. मागे वळूनही न बघता म्हणाला, ‘आलात? जरा चहा टाका.’

मी पिशवी टाकली, मागून त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढून जमिनीवर आपटला. लग्न झाल्यापासून मी त्याला दादा म्हणत आलो, अहोजाहो करत आलो. त्या दिवसापासून जीभ वळत नाही.

बायको गेल्यापासून मी ते कपाट जपत होतो. तिला रंग आवडायचे. कुणाकडे रंगकाम निघालं की उरलासुरला डबा ती मागून आणायची आणि कपाटावर फासायची. आधी हिरवा, मग पिवळा, शेवटी निळा. दाराच्या मुठीपाशी तिचा हात लागून लागून तिन्ही रंग दिसायला लागले होते. तिच्या आजारपणात कपाटाकडे कुणी बघितलं नाही. ती गेली आणि एके सकाळी केर काढताना सुपलीत निळा तुकडा दिसला. असंच गळत राहिलं तर मागे काय राहणार?

रंगाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, घासायचं अजिबात नाही. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं घट्ट पिळून नुसतं टिपायचं. सुटलेल्या पोपड्याखाली पातळ केलेला गोंद सोडायचा, वर तेलकट कागद धरून दाबायचं, आणि सगळं बसलं की बिनचकाकीचं वार्निश. गोंद आत सोडायला सुई हवी. सुया आणि सिरिंजा घरात होत्याच, तिच्या औषधांबरोबर आलेल्या. मुलीने मला कपाटाला इंजेक्शन देताना पाहिलं आणि मामाला फोन लावला. ‘मामा, बाबांचं काही खरं नाही. काहीतरी करा.’

मामाने हे केलं.

‘भावोजी, डोकं फिरलंय का?’ तो उठत म्हणाला.

‘कुणाला विचारून हात लावलात?’

‘विचारायचं काय? माझ्या हाताने केलंय ते. तिच्या लग्नात दिलंय. चार दिवसांत नवं करून देतो.’

‘मला नवं नकोय.’

‘मग काय ही खरूज हवी?’

मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. पेन्सिल उडून मोरीत गेली.

तो माझ्यापेक्षा म्हातारा, पण जन्मभर रंधा मारलेले हात. त्याने मला छातीवर असा रेटला की माझं तोंड ओट्याच्या कडेवर आदळलं. दात हलला. तोंड रक्ताने भरलं. मला वाटलं, आता पुन्हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने पटाशी उचलली आणि कपाटाकडे गेला.

‘ऐक आता,’ तो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीवर आला. ‘सागाची एकच फळी चिरून ही दोन दारं केली होती मी. लाकडाच्या रेघेला रेघ जुळवली होती. लोक बघायला यायचे. आणि तू वर्षाच्या आत त्याला हिरवा फासायला लावलास.’

‘मी नाही. तिने फासला.’

‘माझी बहीण मला विचारल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही!’

‘लावला. तुझं कपाट तिला काळपट वाटायचं. म्हणायची, दादाने तिजोरी दिलीय.’

त्याने पटाशी निळ्या रंगात खुपसली आणि वरून खाली ओढली. काम करताना ओढतात तशी नाही. जनावर फाडतात तशी. पुन्हा ओढली. मुठीपाशी पोचायला वीतभर राहिलं होतं. त्याचा डावा हात आधारासाठी आतल्या बाजूने चौकटीवर होता. मला तो दिसला होता. मी उघडं दार धरलं आणि सगळं अंग टाकून लावलं.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

तो ओरडला नाही. उजव्या हाताने त्याने माझा गळा धरला आणि मला खाली दाबत गेला. मी त्याच्या मनगटाला चावलो. तो माझ्या बरगड्यांत गुडघे मारत होता. दोघांचे मिळून किती दात शिल्लक, याचा हिशेब करावा अशी आमची वयं, आणि आम्ही फरशीवर लोळत होतो.

मुलगी कधी आली कळलं नाही. तिने भरलेली बादली आमच्यावर ओतली, कुत्र्यांवर ओततात तशी.

‘लाज नाही वाटत? आई जाऊन वर्ष झालं नाही!’

पाणी वर्तमानपत्राकडे निघालं होतं. मी गळा सोडवून तिकडे सरपटलो आणि पोपडे ओंजळीने उचलायला लागलो.

‘बघ,’ मेव्हणा धापा टाकत म्हणाला. ‘बघ तुझ्या बापाकडे.’

‘मामा, तुम्ही गप्प बसा. अंगठा बघा तुमचा.’

अंगठा भलतीकडेच वळला होता. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

आठवड्याने तो हत्यारं न्यायला आला. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. मी दार उघडलं आणि आत जाऊन कामाला बसलो. पोपडे वाळवून चादरीवर पसरले होते आणि उघड्या लाकडावर चिकटवून बघत होतो. बसत नव्हते. सगळ्यांच्या कडा सारख्याच दिसत होत्या.

तो हत्यारं गोळा करायचं सोडून मागे उभा राहिला.

‘तो तिथला नाही.’

‘तू जा.’

‘गाढवा, उलटा करून बघ ना.’

मी पोपडा उलटा केला. सगळ्यात आतला रंग हिरवा, आणि त्यावर बारीक रेघा उठलेल्या. लाकडाच्या रेघा, ठशासारख्या. तो खाली वाकला, माझ्या हातातून पोपडा घेतला आणि खिडकीपाशी नेला.

‘लाकूड घासलं नाही, लांबी भरून रेघा बुजवल्या नाहीत,’ तो म्हणाला. ‘असा कोण देतो रंग?’

‘ती.’

‘रंगाऱ्याने दिला असता तर एक रेघ उठली नसती.’ मग त्याने पोपडा उजेडात उलटसुलट करून बघितला. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे तिनेच. कुणाकडून करून घेतलं नाही खरंच.’

तो फरशीवर बसला. पोपड्याची पाठ बघायचा, दाराच्या रेघा बघायचा, आणि बोट ठेवायचा. ‘इथे.’ मी सिरिंजने गोंद सोडायचो, तो कागद ठेवून दाबायचा. चहा मी टाकला नाही, त्याने मागितला नाही.

मुठीजवळचा एक मोठा तुकडा होता, तिन्ही रंगांचा. मी गोंद सोडला. त्याने उजवा अंगठा टेकवला आणि कागदाखाली कट्‌ असा आवाज आला.

‘मोडलास!’

मी उठलो. मूठ आपोआप वळली. त्याने ती पाहिली, पण अंगठा काढला नाही. दोन्ही तुकडे एकमेकांशी भिडवून तो तसाच दाबून बसला होता.

‘मारायचं तर मार,’ तो म्हणाला. ‘पण हे वाळू दे आधी.’

मी खाली बसलो. पावसाळी हवा होती, गोंद वाळायला वेळ लागणार होता.