मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता

मी एक सायकल, दोन सीटांची. एकाच वेळी दोघांना वाहते, म्हणून दोघांची भांडणंही मलाच ऐकावी लागतात. तक्रार नाही, लोखंडाला सगळं सारखंच.

मला एका शिंप्याने आणि त्याच्या बायकोने घेतलं. दुकानदाराने बजावलं होतं, "पुढची सीट उंच माणसासाठी असते." शिंपी बुटका, बायको ताडमाड. पण "हँडल माझ्याच हातात राहणार" म्हणून शिंपी हटून बसला आणि पुढची सीट पार खाली उतरवून घेतली. मग तो पुढे, ती मागे, आणि त्याच्या डोक्यावरून तिला सगळा रस्ता दिसायचा. लोक बघून हसत.

"हसतील त्यांचे दात दिसतील," ती म्हणायची.

मी शिलाईच्या दुकानातच, कापड कापायच्या टेबलाशेजारी उभी असते. त्यामुळे गिऱ्हाइकांना कळलं नाही ते मला कळलं. अलीकडे ती रोज सकाळी सुया ओवून उशीवर टोचून ठेवते. तो विचारत नाही, तीही बोलत नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही डोंगरातल्या रस्त्याला जातो. मी सांगतेय तो दिवस हिवाळ्यातला होता. थंडी नावापुरती, ऊन पाठीवर घ्यावंसं वाटणारं, उतारांवर पिवळं गवत. चढावर तो धापा टाकत होता आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"अहो, डावीकडे काय दरी दिसतेय!"

तो हँडल उजवीकडे घेई.

"ते बघा, पांढरं घर आलं."

तो सावकाश वळण घेई. खरं तर ते घर पाडलंय, तिथे आता नुसती मोकळी जागा आहे. बाई धडधडीत खोटं बोलत होती, पण वळण बरोबर घेतलं गेलं. तिला निसर्गाचं वेड आहे असं मी बरेच दिवस समजत होते.

चढ संपला आणि उतार लागला. वारा कानात शिरू लागला.

"दरी! अहो, दरी!" ती ओरडली. त्याला ऐकू गेलं नाही. कठड्याचे दगड माझ्या पुढच्या चाकावर धावून आले. मागच्या सीटला ब्रेक नसतो. तिने त्याचे खांदे गच्च धरून मागे खेचले, तेव्हा कुठे त्याने ब्रेक करकचून दाबले. चाक दगडाला घासून थांबलं. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू?

दोघं उतरली.

"पाना दे," तो म्हणाला. मग चाचपत चाचपत त्याने पुढची सीट वर केली, मागची खाली घेतली.

"हे काय चाललंय?"

"पुढे बस."

"मी? मला कुठे येतं चालवता?"

"इतके दिवस कोण चालवतंय मग? मी काय एवढा बावळट वाटलो तुला?"

तिचे डोळे भरून आले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सांगणं बंद केलं असतंस."

आम्ही तिथूनच परत फिरलो. हँडल घट्ट धरून ती मुकाट्याने चालवत होती. तिचं असं गप्प राहणं मला सवयीचं नव्हतं.

"पांढऱ्या घराचं वळण आलं ना?" मागून त्याने विचारलं.

"आलं."

"ते पाडलं तेव्हा मला दिसत होतं गं. आता तिथे काय आहे ते सांग."

ती हसली, मग नाक ओढलं. "दगड आहेत. गवत आहे. एक शेळी आपल्याकडे बघतेय."

"कसली?"

"तपकिरी. एक कान पांढरा."

वळण कधीच मागे पडलं होतं, तरी ती शेळीचंच सांगत राहिली.

आता माझी पुढची सीट उंचच असते. तो दुकानदार भेटला तर जिंकल्यासारखा मिरवेल, मिरवू दे. माझं वय झालंय, रंग उडालाय, त्याचं काही नाही. चेनला तेवढं तेल घालत जा कोणीतरी. मी कुरकुरायला लागले की तिचं बोलणं त्याला नीट ऐकू येत नाही.