टेपचा स्क्रू

वडवणीत पंचशीलाबाईंना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नाही. वेस्टइंडीजबाई म्हणा, शेंबडं पोरगंही घर दाखवील. आता वेस्ट इंडीज म्हणजे आपल्याकडं क्रिकेट, तिथलं गाणं कुणाच्या बापानं ऐकलं होतं? पण तीस वर्षांपूर्वी जलालुद्दीन मिस्त्रीचा भाऊ दुबईहून एक कॅसेट घेऊन आला. खोलीतल्या सोबत्यानं दिलेली, तो तिकडच्या त्रिनिदाद बेटाचा. जलालुद्दीन टेप दुरुस्त करायचा. त्यानं तेलाचं पिंप कापलं, ठोकून ठोकून त्यातून तसेच सूर काढले. बाईंनी चालीवर स्वतःचे शब्द बसवले. मग काय, कडा गावापासून युसूफ वडगावपर्यंत सुपाऱ्याच सुपाऱ्या.

चाल लई संथ. शेवटी कॅसेटमधला माणूस जड गळ्यानं हुंदके द्यायचा, बाई ते हुंदकेही गायच्या. त्या जागेला बायांचे पदर डोळ्यांना लागले नाहीत असं कधी झालं नाही. बाईंना काही ओढूनताणून रडावं लागायचं नाही. कॅसेट आली त्याच्या महिनाभर आधी त्यांची सहा वर्षांची आम्रपाली तापानं गेली होती.

मिस्त्री गेल्या साली वारला. यंदा गावानं बाईंचा सत्कार ठरवला, बाजाराच्या दिवशी. त्या सकाळी सत्कार समितीचे शहादेव सर हौसेनं मोबाईल घेऊन घरी आले. म्हणाले, "बाई, तुमचं मूळ गाणं सापडलं बघा."

गाणं लागलं आणि बाई बघतच राहिल्या. चाल तीच, पण वरातीत नाचावं अशी पळणारी. आणि शेवटी हुंदके नव्हतेच. एक बारकी पोरगी खिदळत होती, मधेच श्वास अडकून परत खिदळत होती. आम्रपाली अशीच हसायची.

"बंद करा सर," बाई म्हणाल्या.

त्या तडक मिस्त्रीच्या घरी गेल्या. त्याची बायको रुकसाना दारात लसूण सोलत बसली होती.

"भाभी, मिस्त्रीनं मला फसवलं. तीस वर्षं मी खोटं गायले. मला काहून सांगितलं न्हाई?"

रुकसानानं सूप बाजूला सारलं. "त्यांनी पहिल्यांदा कॅसेट लावली तवा मी हितंच होते. ते पोरीचं हसणं ऐकलं अन् रडाया लागले. तू तवा गाणं सोडून भिंतीकडं तोंड करून बसलेली. म्हणले, पंचशीलाला गाण्यात आणायचं हाय, पण हे हसणं तिच्या कानावर गेलं तर मरंल ती. टेपच्या मोटारीला बारका स्क्रू असतो, तो फिरवून चाल हळू केली. आवाजबी जड झाला, अन् पोरीचं हसणं बाप्याच्या हुंदक्यावाणी ऐकू येऊ लागलं. पिंपबी तसंच ठोकलं. मला शपथ घातली होती."

बाई आल्या पावली माघारी फिरल्या. घरी परतताना बाजाराच्या गलक्यात, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांमागं ते हसणं चालूच होतं. त्यांनी कानावर पदर घट्ट ओढला, तरी थांबेना.

दिवस कलताना सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. आता गाणं. पिंपावर मिस्त्रीचा अरमान बसला होता. "मावशी, कसं घेऊ? सर म्हणतेत मूळ चालीत घ्या."

आज हे गाणं आपल्याच्यानं होतं का नाही, बाईंना भरवसा नव्हता. "तुझ्या बापानं ठोकलंय तसंच घे," त्या म्हणाल्या.

पिंप संथ वाजू लागलं. बाई शब्दाशब्दानं शेवटाकडं आल्या. समोरच्या बायांनी सवयीनं पदर हातात घेतले. हुंदक्यांची जागा आली आणि बाईंच्या गळ्यातून हसू बाहेर पडलं. पोरीचं हसू, मधेच श्वास अडकणारं. तीस वर्षांत त्या पहिल्यांदा आम्रपालीसारखं हसल्या, आणि त्यांना ते आवरेना.

लोकांना वाटलं, बाई आज भलत्याच रडल्या. अख्खा बाजार डोळे पुसत होता. बायांच्या रांगेत एकटी रुकसाना पदर न लावता बघत होती, आणि बाई तिच्याकडं बघत हसत होत्या.