शेवटचा घोट

भांड्यातली गोळी विरघळायच्या आधी विरघळेच स्टुलावर डोळे मिटून बसलेले सापडले, तेव्हा प्रयोगशाळेत खसखस पिकली. विरघळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. औषधांच्या कारखान्यात पाण्याशी उभा दावा मांडणारी औषधं पाण्यात उतरवायचं काम त्यांनी जन्मभर केलं, म्हणून पडलेलं नाव. औषध पिठाहून बारीक दळायचं, कधी चटकन विरघळणाऱ्या साखरेच्या संगतीला लावायचं, गोळी करून अंगाइतक्या कोमट पाण्यात ढवळत ठेवायची आणि बघत बसायचं. पाण्यात उतरेना ते रक्तात काय उतरणार, आलं तसं निघून जाणार.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काळजीने तब्येतीची चौकशी केली. विरघळे म्हणाले, "ठणठणीत. हल्ली झोप तेवढी फार गोड येते."

आजारी होती बायको. तिला झटके यायचे. ते थांबेपर्यंत शिलाई मशीनला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून मशीन चादर पांघरून कोपऱ्यात बसलं होतं आणि ती त्याच्यासमोर. मोठी गोळी तिला गिळवत नसे. म्हणून विरघळे स्वतः ती खलात घोटून पेलाभर पाण्यात ढवळून देत. या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला. डोस वाढवूनही रक्तात औषध नावापुरतंच. गोळ्या फेकून तर देत नाही ना, असं त्यांनी तिला हसत विचारलं. ती हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हालाही तसंच वाटतं का हो?"

"माझ्या डोळ्यांदेखत पितेस की."

त्यांनी गोळी घोटली, ढवळली. तिने पेला तोंडाला लावला आणि शेवटचा घोट ठेवून त्यांच्या हातात दिला. चहा असो, पाणी असो, लग्न झाल्यापासून तिचा शेवटचा घोट त्यांचा. औषधाचं पाणी तरी का टाका, म्हणून तोही ते पीत.

आज पेला ओठांशी थांबला. तळाशी पांढरा गाळ बसला होता.

"अगं," ते म्हणाले, "तुझं औषध मी घेतोय."

ती पदर तोंडाला लावून हसली, डोळे पुसले. "तरीच जेवता जेवता डुलक्या घेता."

विरघळ्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी घसा साफ करून डोस पूर्वीएवढा केला आणि गाळासकट प्यायचं, पेला विसळून तेही पाणी प्यायचं, असं सांगितलं.

झटके थांबले. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मशीनवरची चादर निघाली. आता ती गाळ पिते, विसळलेलं पाणी पिते, पेला त्यांच्या हातात देते आणि मशीनवर जाऊन बसते. मशीन चालू होतं. विरघळे सवयीने पेला तोंडाला लावतात, क्षणभर तसाच धरतात आणि धुवायला नेतात.