नराच्या ओळीवरची छत्री

मी पहिलेच सांगते, माझा स्वभाव संशयी न्हाई. पण शेडनेटमधी मिरचीचं बियाणं करणाऱ्या बाईनं डोळे झाकून राहून चालत न्हाई. कंपनी नराची झाडं आपल्या भरवशावर देती. ती कुणाच्या हाती लागली की दुसरा कुणी तेच बियाणं काढून मोकळा. म्हणून वाटूरच्या आमच्या प्लॉटला कुलूप असतं अन् किल्ली माझ्या कंबरेला. नराच्या ओळीकडं जातो आम्ही दोघीच, मी अन् मेहरुन्निसा. तिचं शेत आमच्या बांधाला लागून, अन् क्रॉसिंगला, म्हंजी नराचा पराग हातानं मादीच्या फुलाला लावायला, तिच्यासारखा हात तालुक्यात न्हाई. आमचे हे, काकासाहेब, ते बी आत यायच्या आधी मला विचारतात.

तर त्या दिवशी सकाळी कुलूप काढलं अन् बघते तर वरून जाळी फाटलेली. भोकातून एक पांढरा डब्बा लोंबकळून राह्यला, अन् वर नारंगी कापडाची छत्री पसरलेली. पॅराशूट. सैनिक इमानातून उडी मारतात तसलंच, पण लहान. डब्ब्याला तार, तारेच्या टोकाला कायतरी चमकणारं. अन् लोंबत कुठं होता? बराबर नराच्या ओळीवर. सगळं रान सोडून तिथंच कसा पडला, सांगा मला.

"कॅमेरा हाय," मी म्हणले.

ह्यांनी चष्मा लावून डब्बा न्याहाळला. "याच्यावर हिंदीत लिहिलंय. मौसम का यंत्र, डरने की बात नहीं."

"चोर काय अंगावर पाटी लावून येणार हाय का?"

तेवढ्यात मेहरुन्निसा आली. तिनं डब्ब्याकडं धड पाह्यलं बी न्हाई. "नंदाबाई, पहिले जाळी शिवू. ऊन चढलं की मधमाशी घुसंल. बाहेर साऱ्यांच्या मिरच्या फुलल्यात." अन् पिशवीतून सुई-दोरा काढला.

तिची ही घाई बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. नराची ओळ कुठली हे तिला ठाऊक. तिचा पोरगा साजिद ड्रोननं फवारणी करतो, म्हणजे वरून काय कुठं टाकायचं ते त्याला जमतं. अन् आता बाई पुरावाच शिवून टाकायला निघाली.

"हात लावू नको. पोलीस पाटील पंचनामा करतील. तवर भोक जसं हाय तसं राहील."

"पंचनाम्यानं माशी थांबती का?"

"तुला लई काळजी."

तिनं सुई-दोरा पिशवीत टाकला. "माझ्या साजिदवर वहीम घेऊन राह्यलीस?"

मी डब्बा खाली काढायला लागले. ती पिशवी उचलून गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हणले, खरी असती तर भांडली असती.

डब्बा मी गोधडीत गुंडाळून कोठीत टाकला, कॅमेऱ्याला काही दिसायला नको. पोलीस पाटील अप्पारावांच्या कानावर साजिदचं नाव घातलं. ते म्हणाले, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी त्यांची परतूरला मीटिंग निघाली. हे म्हणाले, भोकावर पोतं तरी टाकू. मी म्हणले, बिलकुल न्हाई, पंचांना नीट दिसायला पाहिजे.

मंग जालन्याहून कंपनीची अर्पिता मॅडम तपासणीला आली. मी मोठ्या तोऱ्यात गोधडी सोडली. ती पोरगी हसायलाच लागली.

"काकू, हा हवामान खात्याचा. मोठ्या फुग्याला बांधून सोडतात, वरचं वारं अन् थंडी मोजायला. लई वर गेला की फुगा फुटतो. मग डब्बा कुणाच्या टाळक्यात आदळू नये म्हणून ही छत्री. पुरात अडकलेल्यांना वरून धान्य टाकतात, तेसुद्धा असंच हळू उतरवतात."

"मंग नराच्या ओळीवरच का उतरला?"

"वाऱ्याला काय ठाऊक, नर कोणता?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे कुणी काही चोरलं न्हाई, प्लॉट शाबूत हाय. आता मेहरुनची समजूत काढायची एवढंच राह्यलं.

मॅडम दारातून आत गेली अन् थांबली. मधमाशा गुणगुणत होत्या. फुलाफुलावर बसल्या होत्या. तिनं वर पाह्यलं.

"हे भोक कधीपासून आहे?"

"पंचनाम्यासाठी ठेवलंय," हे म्हणाले.

ह्या वेळी ती हसली न्हाई. "काकू, बाहेरच्या मिरचीचे परागकण आत आले. हा प्लॉट मला पास करता येणार नाही."

"माशा बसलेली फुलं खुडून टाकते."

"कोणत्या फुलावर बसली अन् कोणत्या नाही, कसं ओळखणार?"

मॅडम गेल्यावर मी बांध ओलांडून मेहरुन्निसाकडं गेले. ती दाराशी मिरच्या निवडत बसल्ती.

"प्लॉट गेला," मी म्हणले. "चुकलं माझं."

तिनं मान वर केली न्हाई. "मला नको सांगू. साजिद आत हाय, त्याला सांग. ऐन फवारणीच्या दिवसांत पोरगा घरी बसून हाय. तू अप्पारावांना सांगितल्यापासून कुणी बोलवून न्हाई राह्यलं त्याला."

ओसरीच्या कोपऱ्यात त्याचा ड्रोन ठेवला होता, गोधडीखाली झाकून. मी चपला काढल्या अन् आत गेले.